संहिता आणि वेष : मुक्त मानके व मराठी प्रकाशनव्यवसाय

(शताब्दी महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शंभर वर्षे पार केलेल्या ग्रंथालयात कार्डतालिकेचे एक लाकडी कपाट हमखास असते, किंवा कधीकाळी होते. त्याच्या खणांतील प्रत्येक कार्ड सुमारे साडेसात सेंटिमीटर उंच आणि साडेबारा सेंटिमीटर रुंद असे. हे माप कोणा एका कारखानदाराच्या मालकीचे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ग्रंथपालांनी ते परस्परसंमतीने रूढ केले आणि पुढे जगभरच्या ग्रंथालयांनी ते स्वीकारले. त्यामुळे कपाट जुने झाले तर कार्डे उचलून नव्या कपाटात ठेवता येत. हजारो नोंदी पुन्हा लिहिण्याची पाळी येत नसे. कपाट मोडले, तरी तालिका मोडत नसे.

बडोद्याला या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणले आणि संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ झाला. शहरातील मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यात पेटीतून जाणाऱ्या फिरत्या ग्रंथालयापर्यंतचा तो पसारा वर्गीकरण, नोंदणी आणि प्रशिक्षण यांच्या सामायिक पद्धतीवाचून चालणे शक्यच नव्हते. ग्रंथालयांनी शतकापूर्वी जो धडा गिरवला, तोच आज प्रकाशनव्यवसायाला गिरवावा लागत आहे. फरक इतकाच की, आता कपाट लाकडाचे राहिलेले नाही आणि ते दर दहा-पंधरा वर्षांनी बदलते.

ग्रंथ नष्ट होतो म्हणजे काय होते, याचा विचार करताना वाळवी, ओल आणि आग हे शत्रू चटकन डोळ्यांपुढे येतात. परंतु आणखी एक प्रकारचा नाश असतो. त्यात कागद शाबूत राहतो, शाई शाबूत राहते, फक्त वाचणारा उरत नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या मराठा संस्थानांच्या दप्तरांतील मोडी कागद हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. एके काळी मराठीचा रोजचा लेखनव्यवहार मोडीत चाले. विल्यम कॅरी याने १८१० मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीचा कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील मराठी शब्दांसाठी मोडीचेच खिळे वापरले होते. पुढे छपाई बाळबोधीत स्थिरावली, विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडीचे शिक्षण थांबले आणि दोन पिढ्यांत ती लिपी मूठभर जाणकारांची झाली.

तरीही मोडी सर्वस्वी हरपली नाही. कोणीही चिकाटीने ती शिकू शकतो, कारण लिपी ही समाजाची सामायिक मालमत्ता आहे. तिची किल्ली कोणा व्यापाऱ्याच्या तिजोरीत बंद नव्हती. समजा, एखादी लिपी एका कंपनीने तयार केली, तिचे नियम गुप्त ठेवले आणि पुढे ती कंपनीच बंद पडली, तर त्या लिपीत लिहिलेल्याचे काय होईल? हा प्रश्न काल्पनिक वाटेल. पण मराठी पुस्तकांच्या बाबतीत तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रत्यक्ष घडला आहे.

१९८५ मध्ये पेजमेकर ही संगणकावर पानांची मांडणी करणारी प्रणाली बाजारात आली. पाठोपाठ मराठी छापखान्यांतून खिळ्यांच्या केसेस हळूहळू निघाल्या आणि डीटीपीचे युग सुरू झाले. त्याने मराठी छपाईवर मोठे उपकार केले, हे मान्यच केले पाहिजे. खर्च उतरला, वेग वाढला, अक्षरे सुबक झाली. परंतु त्या सुबकतेच्या पोटात एक तडजोड दडलेली होती. त्या काळच्या संगणकात एका फाँटमध्ये जेमतेम २५६ जागा असत आणि त्या मूळच्या रोमन लिपीसाठी योजलेल्या होत्या. मराठी फाँट तयार करणाऱ्यांनी त्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. एका जागी अर्धा क, दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी वेलांटी, चौथ्या जागी रफार. पडद्यावर आणि कागदावर मराठी शब्द उमटे; पण संगणकाच्या स्मरणात मात्र रोमन अक्षरे व चिन्हे यांचीच रांग असे. मराठी ही त्या मजकुराची भाषा नव्हती, तो त्याने घातलेला वेष होता.

त्यातही प्रत्येक कंपनीचा वेष निराळा. एकीने ज्या जागेवर ‘ळ’ बसवला, तेथे दुसरीने ‘ज्ञ’ बसवला. परिणामी एका फाँटमध्ये जुळवलेले पुस्तक दुसऱ्या फाँटमध्ये उघडले की निरर्थक चिन्हांचा चिवडा दिसे. १९९५ च्या सुमारास जुळणी केलेली एखादी कादंबरी आज पुन्हा काढावयाची झाली, तर प्रकाशकापुढे हाच चिवडा येतो. ती प्रणाली नव्या संगणकावर चालत नाही, फाँट सापडत नाही, ज्या जुळणीकाराला खुणा ठाऊक होत्या त्याने व्यवसाय सोडलेला असतो. मग छापील प्रत समोर ठेवून संपूर्ण पुस्तक नव्याने टंकलिखित करावयाचे आणि पुन्हा मुद्रिते तपासावयाची. लेखकाने, संपादकाने आणि मुद्रितशोधकाने एकदा घेतलेले श्रम अशा रीतीने वाया जातात. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत. पण प्रत्येक फाँटसाठी निराळे साधन लागते आणि वेलांटी व रफार यांच्या जागी चुका राहतात. कारण त्या जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी नोंदलेली असे, तर उच्चारात ती अक्षराच्या नंतर येते.

याला उत्तर शोधण्याचे प्रयत्न भारतातही वेळीच झाले होते. ‘इस्की’ या नावाने ओळखली जाणारी भारतीय लिप्यांची संकेतावली भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केली. तिच्या १९८८ च्या आधीच्या रूपावरूनच युनिकोडमधील देवनागरीची मांडणी घेतली गेली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालचीच. तिचे मूलतत्त्व अगदी साधे आहे. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यावयाचा आणि तो सर्वांना जाहीर करावयाचा. देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ जागा मिळाल्या. येथे अक्षराचे तुकडे नोंदले जात नाहीत. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि नंतर वेलांटी, ‘र्क’ लिहिताना र, हलन्त आणि क, असा उच्चाराचा क्रम पाळला जातो. वेलांटी डावीकडे काढावयाची आणि रफार डोक्यावर चढवावयाचा, हे काम फाँटचे. मजकूर कोणता आणि तो दिसावा कसा, या दोन गोष्टींची अशी फारकत झाली. शिवाय एकदा दिलेला क्रमांक पुढे बदलावयाचा किंवा काढून घ्यावयाचा नाही, असे बंधन युनिकोडने १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून स्वतःवर घालून घेतले आहे. पन्नास वर्षांनी पुस्तक काढू पाहणाऱ्या प्रकाशकाला याहून मोठे आश्वासन कोणते हवे?

अक्षरांचा प्रश्न असा सुटला, तरी पुस्तक म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत. त्यात प्रकरणे असतात, मथळे असतात, परिच्छेद, तळटीपा, कोष्टके व चित्रे असतात. ही रचना सांगण्याची सर्वमान्य भाषा महाजालाने दिली. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये महाजालाची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली आणि १९९४ मध्ये महाजालाची मानके ठरवणारा डब्ल्यूथ्रीसी हा संघ स्थापन झाला. एचटीएमएल ही भाषा मजकुराची रचना सांगते : हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी. तिला जोड मिळाली ती १९९६ मधील सीएसएसची. मथळा किती मोठा, समास किती, ओळींत अंतर किती, हे सारे ती वेगळ्या पानावर सांगते. म्हणजे अक्षराच्या पातळीवर युनिकोडने जी फारकत केली, तीच पानाच्या पातळीवरही झाली. संहिता एका जागी, वेष दुसऱ्या जागी.

मानक मुक्त केव्हा म्हणावे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. त्याचे संपूर्ण वर्णन कोणालाही वाचता आले पाहिजे. त्यानुसार साधन तयार करण्यासाठी कोणाला स्वामित्वधन द्यावे लागू नये. आणि त्यात बदल करावयाचा तर तो एका मालकाच्या मर्जीने न होता खुल्या चर्चेने व्हावा. या तीन कसोट्या महत्त्वाच्या आहेत, कारण एखादे स्वरूप लोकप्रिय आहे म्हणून ते मुक्त ठरत नाही. फ्लॅश हे याचे ठळक उदाहरण. महाजालावरील चलच्चित्रे, खेळ आणि शैक्षणिक धडे यांच्यावर एके काळी त्याचेच राज्य होते. त्याच्या मालक कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याला पूर्णविराम दिला आणि त्या स्वरूपात अडकलेले धडे सर्वसामान्य वाचकाला उघडेनासे झाले. याउलट, सर्नच्या पहिल्या संकेतस्थळाची १९९२ मधील प्रत आजच्या भ्रमणध्वनीवरही उघडते. त्या काळी असा भ्रमणध्वनी कोणाच्या स्वप्नातही नव्हता. ज्यांनी ती पाने लिहिली त्यांना भविष्य दिसत नव्हते; त्यांनी फक्त संहितेला वेषापासून मोकळे ठेवले होते.

या दोन धाग्यांचा मिलाफ ई-पुस्तकाच्या मानकात झाला. १९९९ मधील ओपन ई-बुक या मसुद्यातून वाढत २००७ मध्ये ‘ईपब’ हे मानक आले. २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली, २०१७ मध्ये ते सांभाळणारी संस्था डब्ल्यूथ्रीसीमध्ये विलीन झाली आणि मे २०२३ मध्ये ईपब ३.३ ही त्या संघाची अधिकृत शिफारस ठरली. जुन्या आवृत्तीनुसार तयार केलेली पुस्तके नव्या आवृत्तीमुळे बाद ठरू नयेत, ही दक्षता त्यात घेतलेली आहे. ईपब हे काही गूढ प्रकरण नाही. ती एक साधी पेटी आहे. आत प्रत्येक प्रकरणाचे एचटीएमएल पान, वेषाची सीएसएस सूची, चित्रे, हवा असल्यास फाँट, प्रकरणांचा क्रम आणि ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक व भाषा यांची नोंद असते. ग्रंथपालाला ही पेटी पाहून आपली तालिकाच आठवेल.

त्यातील भाषेची नोंद ही वरवर क्षुल्लक वाटणारी, पण मराठीच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे. मराठीसाठी दोन रोमन अक्षरांचा एक आंतरराष्ट्रीय संकेत ठरलेला आहे. तो पुस्तकात नोंदलेला असेल, तर त्याची सोय असलेला फाँट ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणे बाजूला ठेवून मराठी वळणे दाखवतो. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारे साधन मराठी उच्चार निवडते. अंध वाचकाच्या दृष्टीने तर ही नोंद आणि मथळ्यांची योग्य रचना म्हणजे पुस्तकाचे दारच आहे. दृष्टिहीनांना ग्रंथ उपलब्ध व्हावेत यासाठी २०१३ मध्ये झालेल्या माराकेश करारास २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश. पण करार परवानगी देतो, पुस्तक देत नाही. जुन्या फाँटमधील मजकूर वाचनयंत्राला दिला, तर ते रोमन अक्षरांची अर्थहीन बडबड करील. युनिकोडमधील मजकूर ते वाचून दाखवील.

आता प्रकाशकाच्या व्यवहाराकडे वळावे. ज्याच्याजवळ पुस्तकाची संहिता युनिकोडमध्ये आहे आणि रचनेच्या खुणांसह नीट जपलेली आहे, त्याला नव्या साधनाची भीती वाटण्याचे कारण उरत नाही. छापील आवृत्तीसाठी एक वेष, ई-पुस्तकासाठी दुसरा, मोठ्या टाइपातील आवृत्तीसाठी तिसरा. नवे साधन आले तर त्याच्यासाठी वेष शिवावयाचा. संहितेला हात लावावयाचा नाही. विक्रेत्यांची खासगी स्वरूपे येतात आणि जातात. मायक्रोसॉफ्ट रीडरचे स्वरूप २००० मध्ये आले आणि २०१२ मध्ये मागे पडले. किंडलवर मोबी या स्वरूपाचे प्रस्थ होते. पण २०२२ पासून वाचकाने स्वतः पाठवलेली ईपब पुस्तकेही त्या सेवेने स्वीकारण्यास सुरुवात केली. या सर्व स्थित्यंतरांत ज्यांचा मूळ साठा मुक्त स्वरूपात होता, त्यांना फार तर एक रूपांतर करावे लागले. ज्यांचा साठा विक्रेत्याच्या स्वरूपातच होता, त्यांचे भवितव्य विक्रेत्याच्या भवितव्याशी बांधले गेले.

या विचारावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, मुक्त मानक म्हणजे फुकट पुस्तक आणि फुकट पुस्तक म्हणजे प्रकाशकाचे दिवाळे. हा गैरसमज आहे. बाळबोध लिपी सर्वांची आहे म्हणून बाळबोधीत छापलेल्या कादंबरीचा स्वामित्वहक्क बुडत नाही. मुक्त असते ते स्वरूप. मजकुरावरील हक्क लेखक-प्रकाशकांचाच राहतो. प्रकाशकाला पुस्तकावर कुलूप घालावयाचे असल्यास तो ते घालू शकतो. मात्र कुलपाची किंमत वाचकाला मोजावी लागते, हे २०१९ मध्ये दिसून आले. मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा जुलैपासून विकत घेतलेली पुस्तके उघडणे थांबले. पैसे परत मिळाले, पुस्तके मिळाली नाहीत. कुलूप उघडणारा निघून गेला की स्वरूप कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही. ग्रंथालयांनी ई-पुस्तके घेताना हा अनुभव विसरू नये.

दुसरा आक्षेप असा की, पीडीएफ असताना एवढा खटाटोप कशाला? पीडीएफ हेही २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि छापील पान जसेच्या तसे जतन करण्यासाठी ते उत्तमच आहे. पण त्याचा गुण तोच त्याचा दोष. ते पान गोठवते. लहान पडद्यावर वाचताना ओळी नव्याने मांडल्या जात नाहीत आणि जुन्या फाँटमधून केलेल्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधू गेल्यास सापडत नाही. पानांची छायाचित्रे घेऊन केलेले पीडीएफ तर मजकूर नव्हेच, ते मजकुराचे चित्र. दुर्मिळ ग्रंथांसाठी ते आवश्यक आहे. परंतु तेथेच थांबणे म्हणजे मूर्तीचे छायाचित्र घेऊन देवळाचे काम पुरे झाले असे समजणे होय.

तथापि मुक्त मानके आपोआप मराठीची काळजी घेतील, अशा भ्रमात राहणे धोक्याचे ठरेल. मानके माणसेच करतात आणि जी माणसे बैठकीला हजर असतात त्यांच्या गरजा आधी भागतात. ‘बॅट’ मधील अर्धचंद्र मराठीला सरावाचा. पण ‘ॲ’ या स्वतंत्र स्वराला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २००८ मध्ये, पहिल्या आवृत्तीनंतर सतरा वर्षांनी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हा भेद मराठी मुलाला शाळेत कळतो. संगणकाला तो कळावा म्हणून मात्र अर्ध्या ‘ऱ’ची निराळी व्यवस्था करावी लागली आणि ती करण्याच्या दोन रीती प्रचारात असल्याने शोध घेताना आजही घोटाळा होऊ शकतो. खुद्द मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ मध्ये. आता मोडी कागदातील मजकूर मोडीतच टंकलिखित करून ठेवता येतो. ज्या लिपीचा वाचक उरला नव्हता, तिला मानकाने निदान नवे आसन दिले. पण हे आपोआप घडले नाही. कोणीतरी लिपीचा अभ्यास करून, पुराव्यांसह प्रस्ताव लिहून तो समितीपुढे ठेवला, म्हणून घडले. मुक्त मानकाचे दार उघडे असते; आत जाण्याचे कष्ट मात्र भाषकांनाच घ्यावे लागतात.

महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांना या प्रश्नाची झळ अधिक लागते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकाशकाचे गाजलेले पुस्तक कोणीतरी पुन्हा टंकलिखित करून घेईल. बडोदे, इंदूर, बेळगाव, हैदराबाद येथील संस्थांची स्मरणिका, व्याख्यानमाला, स्थानिक कवींचे संग्रह आणि वार्षिक अहवाल यांना दुसऱ्यांदा जुळवून घेणारा कोणी भेटत नाही. त्यांच्या प्रती थोड्या, वाचक विखुरलेले आणि इतिहास मात्र त्यांच्यातच साठवलेला. अशा संस्थांनी छापखान्याला काम देताना दोन अटी घालाव्यात. छापील प्रतींबरोबर अंतिम तपासलेली संहिता युनिकोडमध्ये मिळाली पाहिजे आणि तिच्यात मथळे, प्रकरणे व टीपा यांच्या रचनेच्या खुणा असल्या पाहिजेत. या दोन अटींना खर्च फारसा नाही. आज त्या घातल्या नाहीत, तर उद्याचा खर्च मात्र कोणाला परवडणार नाही. जुन्या फाँटमधील मजकूर ज्यांच्याजवळ आहे त्यांनी, तो वाचू शकणारा एखादा संगणक आणि एखादा जाणता जुळणीकार हयात आहे तोवर, त्याचे रूपांतर करून घ्यावे. या कामाला मुहूर्त पाहण्यास सवड नाही.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय उभारले, त्यांना आजचे संगणक ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी त्यांनी नोंदी अशा रीतीने ठेवल्या की, पुढच्या ग्रंथपालाला त्या वाचता याव्यात. त्यांनी किल्ली खिशात ठेवली नाही, खुंटीला टांगली. या शताब्दी ग्रंथाची संहिता जेव्हा अंतिम रूप घेईल, तेव्हा तिची एक प्रत मुक्त स्वरूपात ग्रंथालयाच्या संग्रही दाखल व्हावी आणि दाखल-नोंदवहीत तिला रीतसर क्रमांक मिळावा. द्विशताब्दीच्या वेळी कोणते यंत्र असेल, हे कोणीच सांगू शकत नाही. त्या यंत्राला तेव्हा फक्त नवा वेष शिवावा लागावा, संहिता शोधावी लागू नये, एवढी व्यवस्था आजच्या पिढीच्या हाती आहे.